बांच्या बाजूची सीट

भिकन बिऱ्हाडेने गाडीचं मागचं डावं दार उघडलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सायीच्या रंगाच्या सीटवर निळा डाग होता. ओल्या जीन्सचा. कुणीतरी बसून उठलं होतं आणि उठताना आपला ठसा तिथेच ठेवून गेलं होतं. मांड्या कुठे टेकल्या, पाठ कुठवर आली, सगळं दिसत होतं. ते कुणीतरी म्हणजे त्याची स्वतःची मुलगी, जागृती. आणि ती जागा होती रमणिकशेठच्या आईची.

शेठच्या आईला घरात, कापडमार्केटात, हवेलीत म्हणजे त्यांच्या वैष्णव मंदिरात सगळे बा म्हणत. भिकनही बाच म्हणे. बा आणि शेठ नाथद्वाऱ्याला गेले होते, आणि आज संध्याकाळच्या गाडीने सुरत स्टेशनवर उतरणार होते. भिकनच्या हातात उरली होती ती फक्त दुपार.

आता एवढ्याशा डागाने माणसाने एवढं घाबरावं का, असं कुणी म्हणेल. ज्याने रमणिकशेठची नोकरी केली नाही त्याने खुशाल म्हणावं. गाडीची किल्ली हातात देताना शेठनी दोन नियम सांगितले होते. पहिला असा, की ड्रायव्हरचं माणूस गाडीत बसणार नाही. बायको नाही, पोर नाही, आजारी असलं तरी नाही. भिकनच्या आधी शुभम नावाचा एक पोरगा ही गाडी चालवायचा. तो मित्रांना घालून डुमसच्या समुद्रावर भजी खायला गेला. शेठला कळलं, आणि भर मार्केटात, हमालांच्या देखत, त्यांनी त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. तो रडत होता म्हणे. तीच किल्ली आता भिकनच्या खिशात होती आणि आज ती त्याला मांडीला चटका दिल्यासारखी लागत होती.

दुसरा नियम जरा विचित्र होता. सीटा चामड्याच्या आहेत हे बांना कधीही कळता कामा नये.

बा पक्क्या वैष्णव. कमरेला चामड्याचा पट्टा असलेला माणूस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आला तरी त्या त्याला माघारी पाठवत. शेठला मात्र चामड्याच्याच सीटा हव्या होत्या, कारण मार्केटात ज्याच्या त्याच्या गाडीत त्या होत्या. मग काय, आईला सांगितलं की हे रेक्झिन आहे, हल्ली असंच मऊ येतं. बांचा त्यावर विश्वास बसला नाही. गाडीत बसताना त्या आपलं आसनियुं, म्हणजे बसायचं पांढरं सुती कापड, आधी अंथरत आणि मग त्यावर अंग चोरून बसत. एक दिवस शेठ सोबत नव्हते. सिग्नलला गाडी थांबलेली असताना बा पुढे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "भीखन, साचुं कहेजे. आ चामडुं तो नथी ने?"

"ना बा, रेक्झिन छे," भिकन म्हणाला. आरशात न बघता म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ते आसनियुं गाडीत दिसलं नाही.

भिकनला ते लागलं नाही असं नाही. त्याचा बाप गंगाराम धुळ्याकडचा. दीक्षा घेतली त्या दिवशी त्याने मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, आणि पुढे मरेपर्यंत चामड्याची चप्पलसुद्धा पायात घातली नाही. टायरच्या चपला घालूनच तो सुरतेच्या गिरणीत आला. चामड्याला हात न लावणारं माणूस कसं असतं, हे भिकनने घरातच बघितलेलं. बांचं कारण वेगळं, अगदी उलटं म्हणा ना, पण हट्ट तोच. म्हणून त्यानंतर पांडेसऱ्याच्या विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, 'मुसावादा वेरमणी', खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की त्याचा आवाज इतरांच्या आवाजाखाली जायचा. असं काही दिवस चाललं. मग आवाज पुन्हा होता तसा झाला. माणसाला कशाचीही सवय होते, खोट्याची तर फारच लवकर.

आणि सवय म्हणजे किती, तर सीटांसाठी जी मलमासारखी क्रीम यायची तिच्या बाटलीवर कातड्याचं चित्र होतं, म्हणून भिकनने ती क्रीम खोबरेल तेलाच्या रिकाम्या डबीत काढून ठेवली होती. दर रविवारी तो त्या सीटांची सेवा करी. आधी शिवणींतली धूळ मऊ ब्रशने काढायची, मग फेस लावून ओलसर फडक्याने पुसायचं, घासायचं नाही, पुसायचं. सावलीत वाळू द्यायचं. मग बोटाच्या टोकाने क्रीम, गोल गोल, जशी कुसुम जागृतीच्या लहानपणी तिच्या अंगाला तेल लावायची. बा कधी खाली अंगणात आल्या तर बघत उभ्या राहत. "रेक्झिननी आटली सेवा!" रेक्झिनची एवढी सेवा, म्हणून हसत. भिकनही हसे.

हे सगळं काल बुडालं. काल खाडीला पूर आला होता. भिकन सचिन रोडवर गाडी सर्व्हिसिंगला देऊन, ती घेऊन परत येत होता. भेस्तानपाशी रस्त्यावर गुडघाभर पाणी. गाड्या नांगर टाकल्यासारख्या उभ्या. आणि दुभाजकाच्या कठड्याला धरून, पिशवी डोक्यावर घेऊन, पाण्यात उभी असलेली मुलगी कोण, तर जागृती. नर्सिंगच्या वर्गावरून सुटली होती, बस बंद पडली होती, आणि ती तशीच पाण्यातून चालत निघाली होती. पाण्याला ओढ होती. तिच्या शेजारून एक पिंप वाहत गेलेलं भिकनने डोळ्यांनी बघितलं. त्या क्षणी त्याला शेठ आठवले नाहीत, शुभम आठवला नाही. त्याने मागचं दार आतून ढकललं आणि ओरडला, "बठ! बठ लवकर!"

ती बसली. चौटा बाजारातून नवीनच घेतलेली गडद निळी जीन्स घालून, कमरेपर्यंत भिजलेली. थंडीने तिचे दात वाजत होते. तिला गल्लीच्या तोंडाशी सोडून त्याने गाडी सिटीलाइटला शेठच्या बंगल्यात लावली, तोवर अंधारून आलं होतं. सीट बघायचं त्याला सुचलंच नाही. पोर सुखरूप घरी पोचली, एवढ्यावरच तो खुशीत झोपला.

आणि आज हे.

त्याने आधी रोजचेच उपाय केले. फेस लावला, पुसलं. फडक्याला थोडं निळं आलं, मग येईनासं झालं. पुन्हा लावला. डागाची कड किंचित फिकी झाली, पोट तसंच. सीट कव्हरं विकणाऱ्या दुकानाला फोन केला. तो म्हणाला, गाडी ठेवून जा, चार-पाच दिवसांत बघू. भिकनने फोन ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. चार-पाच दिवस! इथे चार-पाच तासांची मारामार.

मग त्याच्या डोळ्यांपुढे एकेक चित्र यायला लागलं. शेठ दार उघडतात. शेठ डाग बघतात. शेठ त्याच्याकडे बघतात. शेठ हात पुढे करतात, किल्लीसाठी. मार्केटात हमाल उभे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही. नोकरी गेली तर पुन्हा गिरणीत जायचं, आणि गिरणीत तर त्याला जाता येणार नव्हतं. रंगखात्यात, जेट मशीनच्या वाफेत अर्धं आयुष्य काढून त्याची छाती शिट्टी वाजवायला लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता त्या वाफेत गेलास तर बाहेर येणार नाहीस. जागृतीचं शिक्षण अजून अर्धं होतं. हे सगळं त्या एका सीटवर येऊन बसलं होतं.

आणि भीतीनेच त्याला रंगखात्याची आठवण करून दिली. रंगखातं आठवलं, आणि हायड्रो आठवलं.

हायड्रो म्हणजे गिरणीतली पांढरी पूड. साडीला रंग दिला की वरचा उरलेला रंग हिच्या पाण्यात मरतो. पांडेसऱ्यातल्या ज्या घरातलं माणूस रंगखात्यात आहे, त्या घरात हायड्रोची पुडी असतेच. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून, दमट लागू न देता, कारण दमट लागलं की ती धुमसते. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर दुसऱ्या कपड्याचा रंग चढला, कोमट पाण्यात सोडा आणि चिमूटभर हायड्रो टाकलं, काम झालं. आख्ख्या गल्लीतली पोरं त्यावर पांढरीशुभ्र शाळेत गेली आहेत.

त्याने कुसुमला फोन केला. कुसुम डब्याच्या पिशवीत पुडी आणि सोडा घेऊन रिक्षाने आली. वॉचमनने विचारलं तर म्हणाली, जेवण आणलंय. गाडीपाशी आली आणि नवऱ्याचं तोंड बघून तिने पिशवी खालीच ठेवली.

"काय व्हयनं? तोंड काबर असं उतरेल शे?"

भिकनने नुसतं बोट दाखवलं. कुसुमने डाग बघितला आणि तोंडावर पदर धरला.

"पोरनी पँट," ती म्हणाली.

"पोरनी पँट. आते हायड्रो लावस, नही ते नोकरी गई मन्ही."

"पण हाई कपडा थोडीच शे? चामडं शे ना?"

"हळू बोल!" भिकनने चहूकडे बघितलं. बा शेकडो कोसांवर होत्या, तरी त्याने बघितलं. "रंग रंगच ऱ्हास. पॉलिस्टरवरना मरस, ते आठला बी मरी."

म्हणजे रंग तो रंगच, कापडावरचा मरतो तर इथलाही मरेल. घाबरलेल्या माणसाची अक्कल ही अशी असते, अर्धी बरोबर. बायकोने विचारलेला प्रश्न नेमका होता, पण भिकनला उत्तर नको होतं, उपाय हवा होता.

त्याने कोमट पाण्यात हायड्रो कालवलं. गंधकाचा तो जुना, नाकात जाणारा वास आला आणि क्षणभर तो पुन्हा जेट मशीनपाशी उभा होता. फडकं बुडवून त्याने डागावर दाबून धरलं. उचललं. निळं फिकं पडलं होतं. पुन्हा दाबलं. निळं गेलं, हिरवट-पिवळी एक झाक उरली, मग तीही सायीच्या रंगात मिसळली. कुसुमने 'बाई वं!' म्हणून हात जोडले. कुणाला जोडले, तिलाच ठाऊक. भिकनने सीटवर क्रीम थापली, धूळ बसू नये म्हणून सर्व्हिसिंगवाल्याचं प्लास्टिक वरून घट्ट गुंडाळलं, आणि खाली फरशीवर बसला.

"आते घाम पूस," कुसुम म्हणाली, "आन् दोन घास खाय."

त्याने दोन घास खाल्ले, अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. स्टेशनकडे निघाला तेव्हा तो चक्क गुणगुणत होता.

स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, ट्रेन येईपर्यंत जरा सीट मोकळी करावी म्हणून त्याने प्लास्टिक काढलं. खाली पिवळसर ओल होती. त्याने फडकं घेतलं, पुसायला वाकला, आणि वाकलेलाच राहिला. ती पिवळसर ओल हिरवी होत होती. त्याच्या डोळ्यांदेखत. मधोमध आधी, मग कडेला. हिरव्याचं निळं झालं. कुणी आतून दिवा लावावा तसं ते निळं वर येत गेलं, आणि आता त्याला मांड्यांचा आकार राहिला नव्हता. ते पसरलं होतं, शिवणीत शिरलं होतं, पाठीवर चढलं होतं. दुपारी होता त्याच्या दुप्पट डाग. निळ्याच्या मध्ये सीटची साय सुरकुतली होती आणि तिला एक वास सुटला होता. गंधकाचा तर होताच. त्याच्याखाली दुसराही होता, ओल्या कातड्याचा.

भिकनने दार लावलं. पुन्हा उघडलं. डाग होताच. त्याने फोन काढून गिरणीतल्या काशिनाथला लावला. काशिनाथ अजून रंगखात्यात होता, रंगांचे नमुने तपासायचा.

"हायड्रो लावं, गयं, आन् परत उनं!" भिकन कसाबसा म्हणाला.

"कशावरना रंग शे?"

"जीन्सना."

काशिनाथ म्हणाला, "अरे येड्या, पॉलिस्टरना रंग हायड्रोत मरस. जीन्सना मरत नही, झोपस. हवा लागनी का उठस. आते त्याले काही करू नको."

काही करू नको म्हणे! भोंग्यावर ट्रेन आल्याची सूचना झाली. फलाटावरून बा आणि शेठ येणार, पाच-दहा मिनिटांत येणार. पळून जावं, किल्ली टपावर ठेवावी आणि गर्दीत मिसळावं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने डिकीतला मोठा टॉवेल काढला, डागावर चौपदरी अंथरला, कोपरे सीटच्या फटीत खोचले, सगळ्या काचा खाली केल्या, आणि गाडीला पाठ लावून उभा राहिला. गाडी आपल्याला धरून आहे की आपण गाडीला, हे त्याला कळत नव्हतं.

बा आल्या. पांढरी साडी, हातात प्रसादाची करंडी, चेहऱ्यावर दर्शनाचा आनंद. मागून शेठ, कानाला फोन.

"केम छे, भीखन? घेर बधां मजामां?" बांनी विचारलं. त्या नेहमीच आधी घरचं विचारत.

"मजामां, बा." आवाज चिरका निघाला.

बांनी टॉवेल बघितला. "आ शुं पाथर्युं छे?"

"सीट जरा भीनी छे, बा. सर्विसमां धोई छे."

बा टॉवेलवर बसल्या. शेठ पलीकडून बसले, नाक वर करून म्हणाले, "शेनी वास आवे छे?" भिकन म्हणाला, एसी साफ केलाय, त्याचा. शेठनी पुन्हा फोन कानाला लावला. रिंग रोडपर्यंतचा तो एवढासा रस्ता, पण भिकनला तो संपेना. दर खड्ड्याला त्याचं काळीज टॉवेलबरोबर सरकत होतं. आरशात बघायची हिंमत नव्हती आणि बघितल्यावाचून राहवत नव्हतं. एकदा शेठचा हात सीटवर आडवा झाला, टॉवेलच्या काठापर्यंत आला. भिकनने ब्रेकवरचा पाय उगाच दाबला. हात मागे गेला.

मार्केटापाशी शेठ उतरले. "बाने घेर मूकीने पाछो आव," बांना घरी सोडून परत ये म्हणाले आणि फोनवर बोलत गर्दीत शिरले. दार बंद झालं. भिकनने श्वास सोडला. अर्धा तास तरी मिळाला.

मजुरा गेटच्या पुढे बा म्हणाल्या, "भीखन, गाडी बाजु पर ले."

त्याने गाडी कडेला घेतली. मागे वळून बघितलं. टॉवेलाचा एक कोपरा बांच्या हातात होता, तो निळा झाला होता, आणि त्याखाली सीट दिसत होती.

"आ वादळी शुं छे?" हे निळं काय, असं त्या विचारत होत्या.

संपलं. भिकनला वाटलं आता छातीतली शिट्टी वाजायला लागेल आणि थांबणारच नाही. खोटं शोधायला त्याने तोंड उघडलं, पण भीतीने ते इतकं कोरडं पडलं होतं की खोटंही त्यातून निघेना. मग खरंच निघालं. मोडक्या गुजरातीत, मध्येच हिंदीत, मध्येच मराठीत त्याने सगळं सांगितलं. खाडी, गुडघाभर पाणी, वाहत गेलेलं पिंप, दुभाजकाला धरलेली पोर. तिला आपण गाडीत घेतलं, शेठनी बजावलं होतं तरी घेतलं. तिच्या जीन्सचा हा रंग. सांगता सांगता त्याला हुंदका आला. पन्नाशीचा माणूस स्टेअरिंगला धरून रडायला लागला.

बा ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "छोकरी पाणीमां ऊभी होय ने बाप गाडी लईने नीकळी जाय, तो ए बाप शेनो?"

भिकनने वर बघितलं.

"तें सारुं कर्युं," बा म्हणाल्या. "रमणिकने हुं कहीश के डाघ माराथी पड्यो. प्रसाद ढोळायो, के शाही ढोळाई, जे कहेवुं हशे ते कहीश. तुं बीश नहि." डाग आपल्याकडून पडला असं त्या शेठला सांगणार होत्या. त्यांनी हात लांब करून त्याच्या खांद्यावर थोपटलं. आणि तो हात मग सहज सीटवर टेकला, डागाच्या शेजारी.

दुपारपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. भिकनला हलकं वाटलं, इतकं हलकं की त्याला बोलावंसं वाटलं, खूप बोलावंसं वाटलं. वाचलेला माणूस बडबडतो. तो हसला, डोळे पुसले, आणि एवढ्या मोठ्या मनाच्या म्हातारीला आपला गाढवपणाही सांगून टाकावा म्हणून म्हणाला, "ना बा, भूल तो मारी ज. में घरनुं हायड्रो लगाव्युं. ए कपडाने चाले, बा. चामडाने तो ए बाळी नाखे."

शब्द तोंडातून गेला तेव्हा त्याला काहीच कळलं नाही. कळलं ते बांच्या हातामुळे. सीटवर टेकलेला हात वर उचलला गेला होता आणि हवेत तसाच राहिला होता. कुठे ठेवावा हे त्या हाताला कळत नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजत होते.

"बा," भिकन म्हणाला.

बांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. पाय गोळा केले, जणू खाली पाणी आलं होतं. मग स्वतःच दार उघडून त्या खाली उतरल्या आणि पदपथावर उभ्या राहिल्या. भिकन धावत पलीकडून आला. त्यांच्या पांढऱ्या साडीला मागे निळी ओल उमटली होती. हे त्यांना सांगायला हवं होतं आणि ते सांगायची त्याची आता हिंमत नव्हती.

"शेठे कह्युं हतुं, बा," तो म्हणाला. "शेठनो हुकम."

"खबर छे," बा म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "दीकरानुं में नहोतुं मान्युं, भीखन. तारुं मान्युं हतुं."

मुलाने सांगितलं ते त्यांनी मानलं नव्हतं. त्याने सांगितलं ते मानलं होतं. भिकन मान खाली घालून उभा राहिला.

"डाघनुं रमणिकने हुं ज कहीश. बीजुं कंई नहि कहुं. तारी नोकरी नहि जाय." बोलल्याप्रमाणे वागणारं ते माणूस, नोकरी जाणार नव्हती हे भिकनला ठाऊक झालं. दुपारपासून त्याने एवढंच तर मागितलं होतं. "हवे मने रिक्षा करी आप."

त्याने हात करून रिक्षा थांबवली. काळी सीट जागोजागी फाटलेली, वर चिकटपट्ट्या लावलेल्या. त्याने प्रसादाची करंडी आत ठेवली आणि बांना आधार द्यायला हात पुढे केला. बांनी तो धरला नाही. रिक्षाच्या दांडीला धरून त्या चढायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. त्यांनी सीटकडे बघितलं. नेहमीच्या सवयीने त्यांची मान भिकनकडे वळली, अर्धी वळली, आणि तिथून परत फिरली.

"भाई," त्यांनी रिक्षावाल्याला विचारलं, "आ शेनुं छे?"

रिक्षावाल्याला प्रश्नच कळेना. तोंडातला मावा गालात सारून तो म्हणाला, "सीट? रेक्झिन छे, बा. बेसो ने."

बा बसल्या. रिक्षा निघाली, आणि भिकन तो निळा टॉवेल हातात धरून तिथेच उभा राहिला.